उजव्या हातातला गोळा

अव्वानं शर्ट भिजवायच्या आधी खिसा चाचपला आणि त्यातून ते बाहेर काढलं. मी दाढी करत होतो. आरशात ती माझ्या पाठीमागे दिसत होती, मोरीच्या उंबऱ्यावर टेकलेली, एका हातात शर्ट, दुसऱ्या हातात ते. त्याला चिकटवलेला कागदाचा तुकडा तिनं नखानं खरवडला, वाचता येत नाही म्हणून फेकून दिला, आणि तांब्यातल्या घोटभर पाण्यात ते बुडवून अंगठ्यानं चोळायला लागली. पिण्याच्या पाण्यात! टँकर चार दिवसांनी येणार, घरात दीड घागर शिल्लक, आणि ही बाई दगड धूत बसलीय. मी ओरडणारच होतो, पण तोंडभर फेस होता. तेवढ्यात तिच्या अंगठ्याखालची माती सुटली. पापुद्र्यासारखी सुटली आणि आतून काळं कुळकुळीत, तुकतुकीत असं वर आलं. अव्वानं ते उजेडाकडे धरलं, पदराच्या टोकानं टिपलं, आणि अगदी सहज, शेजारणीच्या पोराचं नाव विचारावं तसं विचारलं, "मल्लू, हे कुणाचं लिंग रे?"

वस्तरा हनुवटीला लागला. फेसावर लाल उमटलं.

"लिंग न्हाई अव्वा," मी म्हणालो. "गोळा हाय. गोफणीचा. जुन्या लढाईतला. ऑफिसचा हाय, दे इकडं."

"गोफणीचा?" ती हसली. पुढचे दोन दात नाहीत तिला. "सात साल माळ्यावर बसून जवारी राखली मी. गोफणीत काय घालत्यात ते मला सांगायलास व्हय? गोफणीच्या दगडाला कुणी कांती चढवतंय का बाबा?"

कांती म्हणजे ते काळं कवच. आमच्या लोकांच्या गळ्यात जे इष्टलिंग असतं ना, त्याच्यावर चढवतात. राख, तूप, बिब्बा आणि काय काय घोटून करतात, आणि ते मातीत शंभर वर्षं राहिलं तरी मरत नाही. हे मला माहीत होतं. मला सगळंच माहीत होतं, आणि हीच तर घाण आहे. अव्वा उठली, गुडघ्यावर हात देत देवघरापर्यंत गेली, त्या गोळ्याला भस्म लावलं आणि कोनाड्यात ठेवलं. शेजारीच खिळ्याला माझं स्वतःचं लिंग लटकलेलं आहे. कॉलेजात असताना पोहायला जाताना काढलं होतं, ते परत घातलंच नाही. अव्वा त्याची रोज पूजा करते, माझ्या वतीनं. "कुणाचं का असंना," ती म्हणाली, "माणूस आपलाच असंल. सापडलंय तर उपाशी कशाला ठेवायचं?"

मी तोंड धुतलं. तोंड धुतलं म्हणजे ओल्या फडक्यानं पुसलं. त्या फडक्यालाही टँकरचा वास येत होता, डबक्याचा, मेलेल्या बेडकाचा, त्यावर टाकलेल्या पावडरीचा. ओकारी येते मला त्या वासानं. पण अव्वा तेच पाणी सात पदरी फडक्यातून गाळते, वर राहिलेले तांबडे किडे अंगणात झटकते आणि गटागटा पिते. भिंतीपलीकडे चांदबीच्या अंगणात बोअर आहे. या उन्हाळ्यात अख्ख्या गल्लीत तो एकच चालू राहिलाय, आणि पाणी असं की तळातलं पितळ दिसावं. चांदबी रोज भिंतीवरून घागर पुढे करते, "अव्वा, लेव ना. टँकर में तो मेंढक नहाते. हमारा पानी गले के नीचे उतरता नै क्या तुमारे?" आणि अव्वा हसून मान हलवते. चांदबीच्या सुनेचं बाळंतपण हिनं केलं, तिच्या नातवाच्या अंगाला हिनं तेल चोळलं, ईदला तिच्या अंगणात जाऊन बसते, पण पाणी नाही. जंगमाकडून दीक्षा घेतली तेव्हा शपथ दिलीय म्हणे. "आणि टँकरचं चालतंय व्हय?" मी एकदा चिडून विचारलं होतं. तर म्हणाली, "ते सरकारचं. सरकारला कुठं जात असती?" बायको पोरांना घेऊन निलंग्याला माहेरी गेली ती याच पाण्याला कंटाळून. अव्वा मात्र हलायला तयार नाही. एकदा ती 'ब्याड' म्हणाली की संपलं. उदगीरच्या पलीकडची कानडी आहे तिची, रागावली की त्यात जाते, आणि 'ब्याड' म्हणजे नको. त्या 'नको'ला परतीची वाट नसते.

ती अंगणात शर्ट वाळत घालायला गेली आणि मी देवघरातून गोळा उचलला. भस्म पँटला पुसलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, केस पांढरे व्हायला लागलेले, आणि आईच्या देवघरातून चोरी करतो. खिशात टाकला तेव्हा तो मांडीला गार लागला. बाहेर पडताना अव्वा म्हणाली, "आज ते परदर्शन का काय ते हाय ना तुझं? तय्यबच्या रिक्षात चांदबी चाललीय. मी बी येती. आपल्या गावचं हाय म्हणं." मी म्हणालो, "काही बघण्यासारखं न्हाई तिथं. हाडं हायत. उन्हाची मरशील." ती म्हणाली, "हाडाला काय भ्यायचं?"

रस्त्यानं चालताना मला वाटत होतं, सगळ्यांना माझा खिसा दिसतोय. लातूर जिल्हा होऊन चौथं वर्ष लागलं, तरी अजून लोकांचा उत्साह ओसरलेला नाही. जिल्हा रसवंती, जिल्हा हेअर कटिंग, जिल्हा पंक्चर. पाणी नाही, पण पाटी आहे. गंजगोलाईत गुळाच्या ढेपा उघड्यावर, त्यावर माश्यांचा थर, आणि त्यांच्या वर लावलेला कापडी फलक: 'वीरभूमी प्रदर्शन – आपल्या जिल्ह्याचा अज्ञात पराक्रम'. ती अक्षरं माझी. मी आरेखक आहे, पाझर तलावांचे, बांधांचे नकाशे काढतो, आणि अक्षर बरं म्हणून ऑफिसातले सगळे फलक माझ्याकडेच. 'पराक्रम'मधला 'क्र' काढताना मला कुणीतरी पाठीमागे उभं असल्यासारखं वाटलं होतं. एक माणूस पानाची पिचकारी टाकून त्या फलकाखालून गेला आणि मला त्याची किळस आली नाही, एवढं खरं.

झालं असं की मागच्या पावसाळ्यात पाऊस पडलाच नाही, आणि दिवाळीपासून आमच्या गावच्या ओढ्यावर दुष्काळी काम निघालं. उदगीरपासून तीन कोसांवर आमचं गाव. पाझर तलावाचा नकाशा मीच काढलेला. ओढ्याच्या वरच्या अंगाला खोदताना आधी एक लोखंडी गोळा सापडला, मग गंजलेलं पातं, घोड्याच्या तोंडातली कडी. यात नवल नाही. उदगीरला मोठी लढाई झाली हे आमच्याकडे शेंबडं पोरगंही सांगतं. कुणाच्याही नांगराला काही ना काही लागतंच. पण मग काम खालच्या अंगाला सरकलं आणि तिथे माणसं लागायला लागली. एक नाही, दोन नाही, ओळीनं. आणि सगळी बसलेली. मांडी घातलेली, पाठ मातीला टेकलेली, डावा हात मांडीत, आणि त्या हाताच्या हाडांत एक-एक गोल दगड.

पुण्याहून डॉक्टर आले. औषधाचे नव्हेत, हाडांचे. मोठा विद्वान माणूस, दोन वर्षं इटलीत राहून रोमन लोकांच्या रणभूमीवर उत्खनन केलेला. हॅट घालून खड्ड्यात उतरले, गुडघ्यावर बसले, कुंचल्यानं माती झाडली आणि त्यांचे डोळे भरून आले. खरंच भरून आले, मी बघितलं. संध्याकाळी उदगीरच्या रेस्ट हाऊसवर त्यांनी भिंतीवर स्लाइडी दाखवल्या. रोमन फौजेची हाडं, शिशाचे गोळे, लिंबाएवढे. "हे गोफणीतून फेकत," ते म्हणाले. "एकेका सैनिकाजवळ पिशवी असे. त्या रणभूमीवर आम्हाला असे तीनशे गोळे मिळाले. पण गोळा हातात धरून मेलेला माणूस जगात कुठेही मिळालेला नाही. कुठेही नाही. तुमच्या या ओढ्यात खंदक होता. या खंदकात ही माणसं बसून होती, गोळा मुठीत धरून, शत्रूची वाट बघत. वरून दरड कोसळली असेल. बसल्या जागी गेली बिचारी, पण हातातला गोळा सोडला नाही." अंधारात कुणीतरी हुंदका दिला. मामलेदार असावेत. माझ्या शेजारी प्रदर्शन समितीचे सचिव अण्णाराव बसले होते, औशाचे, आमच्यातलेच. स्लाइडच्या उजेडात त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग त्यांचा हात शर्टावरून छातीवर गेला, जिथे त्यांचं लिंग असतं तिथे, आणि त्यांनी खाजवल्यासारखं केलं. बस, एवढंच. खाजवलं आणि पुन्हा भिंतीकडे बघायला लागले. आम्ही दोघं त्या दिवसापासून एकमेकांच्या डोळ्यांकडे बघून बोललेलो नाही.

कारण आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत आणि आडवंही करत नाहीत. बसवतात. हे पुण्याच्या माणसाला माहीत नसेल, इटलीच्या तर नसेलच, पण आमच्या दोन तालुक्यांत कुठल्याही शेंबड्याला विचारा. ओढ्याकाठची ती जागा आमची रुद्रभूमी होती. एका पुरात अर्धा काठ वाहून गेला, समाधीचे दगड गेले, तेव्हापासून लोक आपापल्या शेतात पुरायला लागले आणि जागा गायरानात निघाली. नकाशावर मी तिथे 'पडीक' असं लिहिलं होतं. माझ्याच हातानं. मला काय माहीत नव्हतं? मी नऊ वर्षांचा होतो तेव्हा त्या खड्ड्याच्या काठावर उभा होतो.

पंचशीला म्हणून एक बाई होती कामावर, बौद्धवाड्यातली, पाटीवाली. तिनं पहिल्याच दिवशी पाटी खाली ठेवली. डॉक्टर वर छत्रीखाली चहा घेत होते, त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, पडलेला माणूस आडवा असतो. ही पडलेली न्हाईत. ही बसवलेली हायती. कुणीतरी हातानं बसवलेली हायती." डॉक्टर हसले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "काय म्हणते ही?" तिचं एकही माणूस त्या मातीत नव्हतं. माझं होतं. आणि मी म्हणालो, "काही नाही सर, घाबरलीय." तिला दुसऱ्या दिवशी वरच्या टोळीत पाठवलं. जाताना तिनं माझ्याकडे एकदा बघितलं. शेणात पाय पडल्यावर माणूस पायाकडे बघतो, तसं.

रात्री मुक्कामाला चुलतभाऊ वीरण्णाकडे होतो. त्यानं आधीच हात जोडले. "दादा, तुमच्या पाया पडतो, बोलू नगा. रुद्रभूमी म्हटलं की काम बंद. मठाचे लोक येतील, मोर्चे निघतील, आणि गावाला पुन्हा मिरच्या खुडायला तेलंगणात जावं लागंल. या वीरांच्या नावानं सडक यायलीय, टँकर रोज यायलाय. मेलेली माणसं गावाला पाणी पाजत असतील तर पाजू द्या की." खोटं होतं का त्याचं? त्याचं खोटं नव्हतं. आणि मला तर तेवढंही कारण नव्हतं. मला टँकर नको होता. मला अण्णाराव म्हणाले होते, संग्रहालय झालं की एक कायमची जागा निघेल, लातुरातच, बदली नाही, पंखा आहे. पंखा! मी पंख्यावर विकला गेलो. लोक निदान जमिनीवर तरी जातात.

आणि मग सतरा नंबर निघाला. मी खड्ड्याच्या काठावर फळी मांडून एकास दहाच्या प्रमाणात चित्र काढत होतो. डोकं, मणके, बरगड्या. मला हाडांचं काही वाटेनासं झालं होतं, नकाशातल्या रेघा झाल्या होत्या. डावा हात काढायला घेतला आणि पेन्सिल थांबली. कोपराखालचं हाड मध्येच वाकडं होतं, मोडून चुकीचं जुळलेलं, तंबाखूच्या पुडीला दुमड पडावी तसं. मी खोडलं, पुन्हा काढलं. पुन्हा वाकडंच आलं, कारण ते वाकडंच होतं. डॉक्टर माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "अप्रतिम! जुनी जखम आहे, भरून आलेली. हा पूर्वी एका लढाईत जायबंदी झालेला, तरी पुन्हा उभा राहिला. आणि हे बघा, बाकी सगळ्यांचा गोळा डाव्या हातात आहे, राखीव. यानं उजव्या हातात घेतलाय. हा फेकणार होता. याच्यावरून कळतं की शत्रू समोर आला होता." त्यांनी माझी पाठ थोपटली. मला घाम सुटला होता आणि त्या घामाचा वास मला स्वतःला येत होता, आंबट, शिळ्या ताकासारखा.

अप्पा बैलगाडीवरून पडले होते, लग्नाच्या आधी. देवणीच्या एका हाडवैद्यानं हात बसवला तो असा बसवला की तळवा वर वळेना. लिंगपूजा डाव्या तळहातावर करायची असते. अप्पांच्या डाव्या तळहातावरून लिंग घरंगळायचं. म्हणून त्यांनी जन्मभर पूजा उजव्या हातावर केली. मठाच्या स्वामींनी टोकलं तर हसून म्हणाले, "शिवाला काय डावं-उजवं कळतंय? त्याला माणूस कळला म्हणजे झालं." तापानं गेले, रझाकारांच्या आदल्या साली. भिंतीला टेकवून बसवलं होतं त्यांना, डोक्याला पांढरा पटका, कपाळभर भस्म, आणि एका बाजूला कलत होते म्हणून काकांनी बगलेत उशी दिली होती. मला वाटत होतं, ते आत्ता 'मल्ल्या, पाणी आण रे' म्हणतील. दुपारपर्यंत वास सुटला. ऊद जाळला, तरी उदाच्या आतून तो वास यायचा, आणि मी परसात जाऊन ओकलो. माझ्या बापाची मला किळस आली होती. कुणाला सांगितलं नाही. नंतर खड्ड्यात उतरवलं, मीठ घातलं, बेलाची पानं घातली, स्वामींनी डोक्यावर पाय ठेवला, आणि काका त्यांच्या डाव्या हातात लिंग ठेवायला गेले तेव्हा बायकांच्या घोळक्यातून अव्वा पुढे आली. सव्वीस वर्षांची असेल. सगळ्यांदेखत खड्ड्याच्या काठावर पालथी झाली, खाली हात घातला आणि म्हणाली, "उजव्या. त्यांना उजवा लागतो." आपल्या लुगड्याचा काठ फाडून तिनं ते लिंग त्यांच्या उजव्या मुठीत बांधलं.

हे मला आठवत होतं, आणि मी सतरा नंबरच्या चित्राखाली सुंदर अक्षरात लिहिलं: 'फेकण्याच्या पवित्र्यातील वीर'.

मग तो वीर मातीच्या ढेकळासकट उचलला गेला, प्लॅस्टर घालून, ट्रकमधून लातूरला आला. गोळा मोजून, खऱ्या मापात चित्र काढायला म्हणून माझ्याकडे दिला होता. मी तीन दिवस तो खिशात घेऊन हिंडत होतो. चित्र पहिल्याच दिवशी झालं होतं. का हिंडत होतो, विचारू नका. मला वाटत होतं, हरवला म्हणून सांगावं. मला वाटत होतं, अव्वाच्या हातात द्यावा आणि बघू नये तिच्याकडे. काहीच केलं नाही. आणि आज तिनं आपण होऊन काढला, आणि विचारलं, आणि मी पुन्हा खोटं बोललो.

हॉलमध्ये गर्दी झाली होती. सतरंज्या, हार, गुलाबपाणी. गुलाबपाणी उडवत होते लोकांवर, या पाणीटंचाईच्या दिवसांत! काचेच्या मोठ्या पेटीत तो बसला होता, खालून बल्ब लावलेला. डॉक्टरांनी पेटीचं दार उघडून धरलं आणि मी वाकून उजव्या हाताच्या हाडांमध्ये गोळा ठेवला. माझी बोटं त्या बोटांना लागली. कोरडी होती, खडूसारखी. आत माझ्या नाकाला तोच वास आला, उदाच्या आतला, एकोणचाळीस वर्षांपूर्वीचा. तिथे तो असणं शक्य नव्हतं, मला कळत होतं, पण आला. "अरे वा!" डॉक्टर म्हणाले. "साफ केलात? किती गुळगुळीत! बघा, हवेत अडू नये म्हणून घासून घासून केलेला. यांचा नेम काय असेल!" मला एकदम हसू फुटायला लागलं. मी ओठ चावले. सकाळच्या कापलेल्या जागी खपली उकलली.

पाहुणे आले, फीत कापली, भाषणं झाली. आणि त्या गर्दीत मला दारातून चांदबीचा काळा बुरखा आणि तिच्या खांद्याला धरून आत येणारी अव्वा दिसली. लोकांनी म्हातारी म्हणून वाट दिली. ती पेटीपाशी आली. आधी तिनं ते नुसतं बघितलं, प्रदर्शन बघतात तसं, तोंड थोडं उघडं. मग तिची नजर डाव्या हातावर गेली. तिथे थांबली. मग उजव्या हातावर, त्या तुकतुकीत काळ्यावर, जे तिनं सकाळी घोटभर पाण्यात धुतलं होतं. तिनं काचेला हात लावला नाही. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत पुढे ओढला, जसा ती अप्पांसमोर ओढायची. मला आठवतही नव्हतं की ती तसा ओढायची.

नेमका तेव्हाच पाहुण्यांना माणुसकीचा झटका आला. "हे गाव कुणाचं? इथे कुणी आहे का गावचं?" आणि अण्णारावांनी, अण्णारावांनी!, मला दंडाला धरून माइकपुढे आणलं. "हे आमचे आरेखक मल्लिकार्जुन. याच गावचे सुपुत्र." पाहुणे प्रेमानं म्हणाले, "मग सांगा बरं, तुमच्या गावात या लोकांना काय म्हणतात? काही आठवण? म्हातारीकोतारी काही सांगत होती का?" माइक माझ्या तोंडाला लागला. त्याला आधी बोललेल्या सगळ्यांच्या थुंकीचा वास होता. समोर पाच हातांवर अव्वा उभी होती. तिनं मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. वाट बघत होती. लहानपणी पाढे म्हणताना मी अडलो की बघायची तशी, आता येईल, आता म्हणेल. फक्त एक शब्द म्हणायचा होता. 'अप्पा'. दोन अक्षरं.

"वीर म्हणतात साहेब," मी म्हणालो. "आमच्या गावात यांना वीर म्हणतात."

टाळ्या पडल्या. अव्वा खाली वाकली, पेटीच्या पायाशी फरशीवर कपाळ टेकलं, तीनदा. फोटोग्राफरनं फ्लॅश उडवला आणि डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "काय फोटो आहे! सामान्य माणसाची कृतज्ञता." मी तिला उठवायला गेलो तर तोवर ती चांदबीचा हात धरून उठली होती.

परतीला मीही रिक्षात बसलो, पुढे तय्यबच्या शेजारी कडेवर. मागे दोघी. चांदबी काहीतरी विचारत होती, अव्वा बाहेर बघत होती. ऊन असं की रिक्षाचा लोखंडी दांडा धरवेना. मी मनात वाक्यं जुळवत होतो. पाण्यासाठी गेलं सगळं, गावासाठी. वीरण्णा म्हणाला. मी एकटा काय करणार? प्रदर्शन महिनाभराचं आहे, मग मी बोलतो डॉक्टरांशी, परत नेऊ, परत बसवू. सगळी वाक्यं बरोबर होती, आणि प्रत्येकाची मला शिसारी येत होती. घराशी उतरलो तेव्हा अव्वा आत आली नाही. उंबऱ्याबाहेर, अंगणातल्या दगडावर बसली. तिचे ओठ पांढरे पडले होते, जीभ ओठांवरून फिरवायची आणि जीभही कोरडी. मी पळत आत गेलो. घागरीतलं पाणी गाळलं, स्वतः, सात पदरी, तिच्यासारखंच. किडे झटकले. चांदीचा तो एकच पेला आहे घरात, अप्पांचा, तो भरला आणि तिच्यासमोर उकिडवा बसलो.

"अव्वा, पाणी घे."

तिनं पेल्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. माझ्या बोटांना अजून ती पांढरी खडूसारखी पूड होती, नखांत गेलेली. मला ती तोवर दिसलीच नव्हती.

"ब्याड," ती म्हणाली.

"अव्वा, उन्हाची आलीस, घोटभर तरी–"

"ब्याड. तुझ्या हाताचं न्हाई."

आवाज चढला नव्हता तिचा. तिनं तोंड फिरवलं, भिंतीकडे मान वर केली आणि हाक मारली, "चांदबी! ए चांदबी! पानी दे गं मला."

पलीकडे भांडं पडल्याचा आवाज झाला. मग चांदबी भिंतीवरून डोकावली, बुरखा काढलेला, केस विस्कटलेले. तिनं अव्वाकडे बघितलं, माझ्या हातातल्या भरल्या पेल्याकडे बघितलं, आणि विचारायचं ते विचारलं नाही. बोअरचा दांडा चार वेळा वाजला. ती दारानं फिरून आली, दोन्ही हातांत स्टीलचा तांब्या धरून, आणि अव्वा वरून पिईल म्हणून तिनं तो ओंजळीवर ओतायला वाकडा केला. अव्वानं तो तिच्या हातातून घेतला, ओठांना लावला आणि डोळे मिटून, मध्ये न थांबता, सगळा प्यायली. गळ्याच्या शिरा हलताना दिसत होत्या. थोडं पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं, ते तिनं पुसलं नाही.

मग तिनं तांब्या चांदबीपुढे धरला आणि म्हणाली, "अजून दे."